पदकांचे जुने हार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी या पट्ट्यातील घरांतून जुन्या हारांविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात सारखीच असते. घरातील वडीलधारी स्त्री वारली, कपाटातील डबा उघडला, आणि आता या दागिन्याचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही. एकाच विषयाचे दोन प्रश्न असतील तेथे दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. पदक, लोलक, ताईत आणि खोड हे शब्द ऐकू येतात. ते एकच आहेत का?

एकच नाहीत. हाराच्या मध्यभागी छातीवर येणारा, स्वतंत्र घडवलेला मोठा नग म्हणजे पदक. पदकाच्या किंवा हाराच्या खालच्या टोकाला हलता राहील असा टांगलेला थेंबासारखा मणी किंवा खडा म्हणजे लोलक. ताईत मुळात पोकळ असतो. त्याच्या आत मंत्र लिहिलेला कागद, भूर्जपत्र किंवा अंगारा ठेवला जाई. पुढे आत काही न ठेवताही तो आकार शोभेसाठी घडवला जाऊ लागला. खोड हा शब्द तन्मणीपुरता आहे. मोत्यांच्या सरांच्या मधोमध कोंदणात खडे बसवलेला जो नग असतो, त्याला खोड म्हणतात. सोनाराशी बोलताना नेमका शब्द वापरला की दुरुस्तीची निम्मी चूक टळते, असा अनुभव आहे.

२. ‘अँटिक’ म्हणजे किती जुना दागिना? दुकानात कोरा हारसुद्धा अँटिक म्हणून दाखवतात.

दुकानातील ‘अँटिक’ हे बहुतेक वेळा झिलईचे नाव असते. सोन्यावर मंद, काळसर-तांबूस छटा आणली की त्याला अँटिक पॉलिश म्हणतात, आणि असा हार गेल्याच महिन्यात घडलेला असू शकतो. त्यात फसवणूक असतेच असे नाही, मात्र बिलावर ‘अँटिक’ लिहिले आहे म्हणून दागिना जुना ठरत नाही. कायद्याच्या भाषेत पुरावस्तू ठरण्यासाठी वस्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. हा निकष कधी कामी येतो ते प्रश्न १७ मध्ये दिले आहे. या पानावर ‘जुना’ हा शब्द हाताने घडवलेल्या आणि दोन-तीन पिढ्या वापरात राहिलेल्या दागिन्यासाठी वापरला आहे.

३. आपल्या भागात पदकाचे कोणकोणते जुने हार आढळतात?

हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता. त्यापूर्वी बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते. निपाणीकरांना खरेदीसाठी बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, तर खानापूरच्या घाटमाथ्यावरील गावांचे नातेसंबंध गोव्याशी आहेत. त्यामुळे येथील एकाच डब्यात तीन-चार प्रांतांच्या घडणी शेजारी शेजारी सापडतात, आणि हेच या भागाचे वैभव आहे.

निपाणी-चिकोडीकडे कोल्हापुरी साज सर्वांत जास्त दिसतो. पानड्या (ठशावर घडवलेले छोटे पोकळ नग), जवाच्या आकाराचे मणी आणि मधोमध पदक अशी त्याची रचना असते, आणि तो गळ्यालगत न बसता थोडा खाली रुळतो. बोरमाळ मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या घरांत आहे आणि तिचे नावही दोन्हीकडे सारखेच आहे. तिला पदक असेलच असे नाही. मोहनमाळेला आणि श्रीमंतहाराला बहुधा पदक असते. पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक पुतळी, म्हणजे नाण्यासारखी चकती, स्वतंत्रपणे लोंबते, त्यामुळे तिला पदकांचाच हार म्हणता येईल. कन्नड घरांतील ‘कासिन सर’ हा नाण्यांचा हार तिचा जवळचा नातलग आहे. पोह्यांसारख्या चपट्या नगांच्या हाराला आपण पोहेहार म्हणतो आणि शेजारचे कन्नड घर ‘अवलक्की सर’ म्हणते. शब्दाचा अर्थही तोच आहे. मोत्यांचा तन्मणी शहरातील जुन्या पांढरपेशा घरांत आढळतो. याखेरीज गिन्नीला कडी लावून केलेली पदके आहेत, पुरुषांच्या गळ्यातील ताईत आहेत आणि लिंगायत घरांतील चांदीची करडगी, म्हणजे इष्टलिंगाची डबी, आहे. करडगीविषयी प्रश्न १५ पाहावा.

ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक हे गळ्याला बिलगणारे दागिने असून त्यांना पदक नसते, म्हणून ते येथे घेतलेले नाहीत.

४. साजाला २१ पानड्या असतात असे ऐकले आहे. आमच्या साजाला तेवढ्या नाहीत. काही हरवल्या असतील का?

तसेच असेल असे नाही. २१ चा प्रचलित हिशेब असा सांगितला जातो की दहा पानड्या दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, एक माणकाची, एक पाचूची आणि एक ताईताची. हा पूर्ण साज झाला, परंतु ऐपतीप्रमाणे कमी पानड्यांचे साजही आधीपासून घडत आले आहेत. हरवले आहे की नाही हे संख्येवरून न ठरवता रचनेवरून ठरवावे. पदकाच्या दोन्ही बाजूंना पानड्या सारख्या आहेत का, दोन पानड्यांमधील मण्यांची संख्या सर्वत्र तीच आहे का, आणि एखाद्या ठिकाणची तार इतरांपेक्षा नवी दिसते का, हे पाहावे. मासा, कासव, शंख, नाग, चंद्र, बेलपान, कारले, कमळ आणि भुंगा हे आकार सहज ओळखू येतात. मुलांना जवळ बसवून ते ओळखायला लावावेत, म्हणजे घरातील पुढच्या माणसाला तो दागिना वाचता येईल.

५. एवढी नाजूक पानडी हाताने कशी घडवत असत? आणि आत लाख भरण्याचे कारण काय?

हा प्रश्न आला की आनंद होतो, कारण जुन्या हाराचे खरे मोल या उत्तरात आहे.

प्रथम सोने मुशीत वितळवून त्याची लगड ओतली जाते. ती ठोकून ठोकून पत्रा काढतात. ठोकताना सोने कडक होते आणि चिरू लागते, म्हणून मध्ये मध्ये ते तापवून मऊ करावे लागते. किती वेळा तापवायचे हे कारागीर हातोडीच्या आवाजावरून आणि पत्र्याच्या रंगावरून ठरवतो. मग धातूच्या ठशावर, म्हणजे ज्यात मासा किंवा शंख उलटा खोल कोरलेला आहे अशा साच्यावर, तो पत्रा ठेवून वरून ठोकतात. वर शिशाचा तुकडा धरला की पत्रा न फाटता कोपऱ्याकोपऱ्यात बसतो. पुढचे आणि मागचे असे दोन भाग निघाले की कडा जुळवून ते झाळतात. झाळण्यासाठी मूळ सोन्यापेक्षा थोड्या कमी उष्णतेवर वितळणारे मिश्रण लागते. पूर्वी तोंडाने फुंकणी फुंकून ज्योत नेमक्या सांध्यावर धरली जाई. क्षणभर जास्त ज्योत लागली की सांध्याबरोबर पानडीही वितळून जात असे.

आता पानडी पोकळ आहे आणि तिचा पत्रा इतका पातळ आहे की बोटाने दाबली तर चेपेल. म्हणून बारीक छिद्रातून तापवलेली लाख आत भरतात. थंड झाली की लाख घट्ट होते आणि आतून टेकू देते. थोड्या सोन्यात मोठा, भरदार आकार मिळतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. यामुळेच तोळाभर सोने जेमतेम जमवणाऱ्या शेतकरी घरातील सुनेच्या गळ्यातही साज शोभला. लाख म्हणजे भेसळ, असे कोणी म्हणाले की वाईट वाटते. ती भेसळ नसून मोठ्या शहाणपणाने केलेली रचना आहे. हिशेब करताना मात्र तिचे वजन ध्यानात ठेवावे लागते (प्रश्न ९).

तार काढण्यासाठी सोन्याची सळई जंतर नावाच्या पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढतात. त्या तारेच्या कड्या करून पानड्या, जव आणि मणी गुंफले जातात. सोन्याच्या बारीक रव्यांनी कडा सजवायच्या असतील तर ते काम लाख भरण्यापूर्वीच झालेले असते. पदक सर्वांत शेवटी बसते, कारण हार कसा पडतो हे पाहूनच त्याचा झोक ठरवावा लागतो.

६. दागिन्याबरोबर एक जुनी चिठ्ठी मिळाली आहे. अक्षर वाचता येत नाही. ती ठेवावी का?

अवश्य ठेवावी, आणि दागिन्यापासून वेगळी करू नये. येथील जुन्या चिठ्ठ्या मोडी लिपीत, बाळबोध मराठीत किंवा कन्नडमध्ये असतात. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. चिठ्ठीचा स्वच्छ फोटो काढून पाठवला तरी काम होते. तोळे, मासे, गुंजा यांचे आकडे, घडणावळ आणि तिथी एवढे जरी उलगडले तरी दागिन्याचा काळ हाती येतो. कन्नड चिठ्ठीत ‘बंगार’ म्हणजे सोने, ‘सर’ म्हणजे हार, ‘गुंडु’ म्हणजे गोल मणी आणि ‘अरगु’ म्हणजे लाख. ‘पत्तार’ किंवा ‘अक्कसालिग’ म्हणजे सोनार. ‘पदक’ मात्र दोन्ही भाषांत पदकच आहे.

७. आमच्या पुतळ्यांवर लांब अंगरखा घातलेले दोन पुरुष आहेत. हे राम-लक्ष्मण आहेत का?

असू शकतील, आणि नसूही शकतील. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात १२८४ पासून १७९७ पर्यंत डुकाट नावाचे सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे पाडले जात होते. व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या संख्येने आले. त्याच्या एका बाजूला संत मार्क उभा असून त्याच्यासमोर तेथील शासक गुडघे टेकून ध्वज घेत आहे, आणि दुसऱ्या बाजूला तारकांच्या लंबगोलात ख्रिस्ताची उभी आकृती आहे. नाण्यावर माणसाची आकृती असल्याने आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले. पुढे येथील सोनारांनी त्याच्या नकला केल्या, त्यांत रोमन अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या, आणि काही ठशांवर आपल्या देवदेवता आल्या. म्हणून आधी भिंगातून अक्षरे पाहावीत. अक्षरे सुवाच्य असतील आणि वजन साडेतीन ग्रॅमच्या जवळ असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय ती पुतळी कोणालाही देऊ नये, कारण मूळ नाण्याचे मोल सोन्याच्या भावापेक्षा वेगळे असते. पातळ पत्र्याची, एका बाजूने खोलगट पुतळी असेल तर ती ठशावर ठोकलेली देशी घडण आहे. तिचे सौंदर्य त्याने उणावत नाही.

८. हार खरोखर जुना आहे हे घरी बसून कसे ओळखावे?

हार पालथा घालावा. समोरची बाजू कोणीही जुनी दिसेल अशी करू शकतो, परंतु पाठ सहसा खोटे बोलत नाही. जुन्या पदकाची पाठ वर्षानुवर्षे लुगड्यावर घासून गुळगुळीत आणि मऊ झालेली असते. उंचवटे झिजलेले असतात, पण खळग्यांत मूळ कोरीव रेषा धारदार राहिलेल्या असतात. कृत्रिमरीत्या जुन्या केलेल्या नगात काळेपणा सर्वत्र सारखा पसरलेला असतो.

त्यानंतर कड्या पाहाव्यात. जेथे कडी कडीवर घासते तेथेच सोने बारीक झालेले असावे. कडी सगळीकडून सारखीच बारीक असेल तर ती तशीच घडवलेली आहे. जोडीच्या दोन पानड्या शेजारी ठेवाव्यात. ठसा एकच असला तरी हाताने केलेल्या कडा तंतोतंत जुळत नाहीत. फाशाचे, म्हणजे हार बंद करण्याच्या अडकणीचे, मळसूत्र हाताने कापलेले असेल तर त्याचे आटे थोडे असमान असतात आणि ते मळसूत्र दुसऱ्या हाराच्या फिरकीत बसत नाही.

यांपैकी एका खुणेवरून निर्णय करू नये. चार-पाच खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवावा. शिवाय जुन्या हारात नवी कडी किंवा नवा फासा आढळणे अगदी स्वाभाविक आहे, कारण वापरलेला दागिना दुरुस्त होतच असतो.

९. आज्जी म्हणायच्या की साज पाच तोळ्यांचा आहे. दुकानातील काट्यावर आकडाच वेगळा आला. कोणी सोने काढून घेतले का?

हा संशय घरात भांडणे लावतो, म्हणून शांतपणे हिशेब करावा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. त्याचे १२ मासे आणि एका माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. आज सराफीत तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. त्यामुळे जुने ५ तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम झाले आणि आजच्या बोलीत ते पावणेसहा तोळ्यांहून थोडे अधिक भरतील. चिठ्ठीवर ३ तोळे ४ मासे २ गुंजा असे असेल तर ते सुमारे ३९.१ ग्रॅम होतात.

आता दुसरी बाजू. ते पाच तोळे लाखेसह होते की निव्वळ सोन्याचे, हे आज्जींनी सांगितलेले नसते. झीज धरावी लागते, एखादी पानडी कमी झाली असेल (प्रश्न ४), आणि आधीच्या दुरुस्तीत लाख बदलली असेल तर एकूण वजन बदलते. या सगळ्यानंतरही मोठी तफावत उरली तरच पुढे विचारणा करावी.

१०. जुने सोने नेहमी बावनकशी असते ना? मग त्याला हॉलमार्क का नाही?

जुने म्हणून शुद्ध, असा नियम नाही. घराण्याची ऐपत, सोनाराचा हात आणि झाळेचे प्रमाण यांवर ते अवलंबून असते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवे दागिने १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे घडवण्यावर काही वर्षे बंदी होती. त्या काळातील लग्नाचा हार कमी कसाचा निघाला तर सोनाराने फसवले असा निष्कर्ष घाईने काढू नये. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला.

हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाविना सराफाला असा दागिना विकता येत नाही. ही सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. घरातील जुना हार हॉलमार्क नसतानाही बाळगता येतो आणि सराफाला देताही येतो. कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत.

परीक्षेविषयी एक सूचना. क्ष-किरणांचे यंत्र प्रामुख्याने पृष्ठभाग वाचते. वर मुलामा असेल किंवा किरण नेमका झाळेवर पडला असेल तर आकडा फसवा येतो. म्हणून पदक, पानडी, मणी आणि फासा असे निदान चार ठिकाणी वाचन घ्यावे.

११. पदकातील माणिक आणि मोती खरे आहेत का हे कसे समजेल?

मोत्यांच्या बाबतीत काळ मदत करतो. मिकिमोतो यांनी जपानमध्ये १८९३ साली अर्धगोल मोती वाढवला, परंतु गोल संवर्धित मोती बाजारात भरपूर आले ते १९२० च्या सुमारास. त्यापूर्वी ओवलेला तन्मणी असेल तर त्यातील मोती नैसर्गिक, बहुधा बसऱ्याकडचे असतात. त्यांचे आकार किंचित वेडेवाकडे असतात आणि छिद्रे बारीक असतात. माणकाच्या बाबतीत उलटे आहे. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हेर्नय या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली, त्यामुळे शंभर वर्षांचे पदक असले तरी त्यातील माणिक प्रयोगशाळेतील असू शकते. भिंगाखाली वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसले तर ते तसे आहे. काच असेल तर कडा घासून बोथट झालेल्या असतात. कोंदणाच्या जुन्या कामात खड्याच्या खाली चकाकणारा पातळ पत्रा घालून रंग खुलवत असत. ती त्या काळची मान्य रीत होती.

१२. घरी स्वच्छ करताना काय वापरावे?

कोमट पाण्यात रिठ्याचा फेस, अगदी मऊ ब्रश आणि लगेच मलमलीच्या कापडाने टिपणे, एवढे निव्वळ सोन्याच्या भरीव नगाला पुरते. लाखेच्या पानड्यांना पाण्यात बुडवू नये, ओलसर कापडाने पुसावे. गरम पाणी तर अजिबात नको, कारण लाख उष्णतेने मऊ पडते. माझ्या आत्यांची बोरमाळ एका ठिकाणी धुवायला दिली असता ती उकळत्या पाण्यात टाकली गेली. लाख छिद्रांतून बाहेर आली आणि अर्ध्या बोरांना खळगे पडले. ती माळ पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही आणि आत्यांनी ती पुन्हा घातलीही नाही.

मोती आणि पोवळी यांना चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतील आम्ल खाऊन टाकते. कोंदणाच्या पदकात पाणी शिरले तर खड्याखालचा पत्रा काळा पडतो. पाचूच्या नगाला दागिने धुण्याच्या कंपनाच्या यंत्रात घालू देऊ नये.

१३. दोरा कुजला आहे आणि एक कडी तुटली आहे. कोणाकडे द्यावे?

ही दोन वेगळी कामे आहेत. रेशमात गाठवणे आणि गोंडा बांधणे हे पटवेकऱ्याचे काम, तर कडी झाळणे हे सोनाराचे. बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत चौकशी केली तर दोन्ही कामांचे जुने हात अजून सापडतात. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: “आत लाख असेल तर झाळण्यापूर्वी तुम्ही काय करता?” लाख काढून, झाळून, पुन्हा भरतो असे उत्तर आले तर काम द्यावे. ज्योत लांबूनच लावतो असे म्हणाले तर हार परत घ्यावा. देण्यापूर्वी काट्यावर वजन करून, पानड्या मोजून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून पावतीवर नोंद घ्यावी. ओळखीचा सोनार असला तरी असे केल्याने कोणाचा अपमान होत नाही.

१४. पावसाळ्यात डबा उघडला की वास येतो आणि रेशीम काळे पडलेले असते. कसे ठेवावे?

खानापूर आणि घाटाकडच्या गावांत हा त्रास सर्वांत जास्त आहे. प्रत्येक हार स्वतंत्र मलमलीत गुंडाळावा, प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवू नये, आणि गोंडा ओलसर असताना डबा बंद करू नये. मोत्यांना मात्र फार कोरडेपणाही सोसत नाही. ते वर्षातून काही वेळा घातले तर चांगले राहतात. बँकेच्या लॉकरविषयी इतके माहीत असावे की रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते. मौल्यवान हाराला ते अपुरे पडते, म्हणून वेगळा विमा विचारात घ्यावा.

१५. जुन्या बाजारात चांदीची सुंदर करडगी मिळाली. पदक म्हणून गळ्यात घातली तर चालेल का?

आधी ती उघडून आत इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करण्याचे लहान लिंग, आहे का हे पाहावे. लिंगायत धर्माचरणात इष्टलिंग देहापासून दूर करत नाहीत. करडगी ही त्याची डबी असून ती शिवदारात (दोऱ्यात) ओवून गळ्यात घालतात. आत लिंग असेल तर ती वस्तू शोभेची नाही, आणि जवळच्या मठात नेऊन देणे हाच योग्य मार्ग आहे. रिकामी असेल तर कायद्याची अडचण नाही, तरीही सीमाभागात राहताना शेजाऱ्याच्या श्रद्धेचा विचार करून ती संग्रहात ठेवावी, सणासमारंभात मिरवू नये, असे मला मनापासून वाटते. तिची चांदीची घडण मात्र डोळे भरून पाहावी अशी असते.

१६. सून म्हणते जुना हार मोडून नवा करू. आणि बहिणींत वाटणी कशी करावी?

मोडीत घातल्यावर हाती येते ते लाख, खडे आणि घट वजा करून उरलेले सोने. घडणावळीचा पैसाही परत मिळत नाही, आणि नव्या हाराची घडणावळ पुन्हा द्यावी लागते. म्हणजे ज्या कामाला आज कारागीर मिळणे कठीण आहे त्याची किंमत शून्य धरून आपण यंत्रावर पाडलेल्या कामाला पैसे देतो. पैशाची निकड असेल तर भरीव बांगड्या, वळी किंवा तुटलेले सुटे नग आधी द्यावेत आणि ठशाचे पदक शेवटी. हार जड वाटत असेल तर केवळ पदक काढून काळ्या पोतीत किंवा साध्या साखळीत घालता येते, आणि बाकीचा हार तसाच राहतो. सुनेची हौस आणि आज्जीची आठवण दोन्ही अशा रीतीने सांभाळलेली घरे पाहिली आहेत. विकायचेच ठरले तर कराच्या हिशेबासाठी १ एप्रिल २००१ पूर्वीपासून घरात असलेल्या सोन्याची मूळ किंमत म्हणून त्या दिवशीचा बाजारभाव धरण्याची मुभा आहे.

वाटणीविषयी. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या मालमत्तेवर मुलगे, मुली आणि हयात पती यांचा सारखा हक्क असतो. “दागिने सुनांचे” किंवा “दागिने लेकींचेच” या दोन्ही समजुती कायद्याला धरून नाहीत. २१ पानड्यांचा साज तीन बहिणींनी सात-सात पानड्या करून वाटून घेतल्याचे एका पत्रात वाचले, आणि तिघींनाही पुढे त्याचे दुःख झाले. त्यापेक्षा साजाची किंमत ठरवून तो एकीने घ्यावा आणि इतरांना सोने किंवा रक्कम द्यावी. तेही जमत नसेल तर तो सामाईक ठेवून घरातील प्रत्येक लग्नात नवरीला घालावा, आणि कोणाकडे किती काळ राहील हे सह्या करून लिहून ठेवावे.

१७. मुलगी परदेशात असते. शंभर वर्षांचा हार तिला देता येईल का? आणि जुने घर पाडताना सापडलेल्या नगांचे काय?

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार पुरावस्तूची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याशिवाय कोणालाही करता येत नाही. म्हणून हार १०० वर्षांचा असण्याची शक्यता असेल तर पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळते का हे पाहावे. ते मिळाले नाही तर हार येथेच ठेवावा.

जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर तो आपल्याच वाडवडिलांचा असेल असे वाटले तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कपाटात किंवा पेटीत मिळालेल्या घरच्या दागिन्याला हे लागू नाही.

१८. आजोबांच्या सोन्याच्या पदकात वाघनख आहे. ते विकू शकतो का?

नाही. खरे वाघनख असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो. मालकीचे प्रमाणपत्र नसताना ते बाळगणेही गुन्हा आहे आणि विक्री तर कोणत्याच परिस्थितीत करता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटकात वाघनखाच्या पदकांवरून कारवाया झाल्या, तेव्हापासून हा प्रश्न सर्वाधिक येतो. हस्तिदंताच्या पदकालाही हाच कायदा लागू आहे.

आधी मात्र ते खरे आहे का हे पाहावे. जुन्या पदकांत शिंगाची, लाकडाची किंवा काचेची नखे सोन्यात मढवलेली आढळतात, आणि साजात वाघनखाच्या आकाराची पानडी असेल तर ती निव्वळ सोन्याची असते. तिला कसलीच आडकाठी नाही. संशय राहिला तर सोनाराकडून नख सुटे करून घेऊ नये. पदक आहे तसे, फोटोसह, जवळच्या वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः घेऊन जावे आणि दिल्याची पोच घ्यावी. भोवतालचे सोने परत मिळावे अशी लेखी विनंती त्याच अर्जात करावी.